पुन्हा उमेदवार



फारसीतून मराठीत आलेले आणि येथेच रुजलेले जे शेकडो शब्द आपण रोज वापरतो, त्यांपैकी एका शब्दाचा जुना अर्थ आज आपणांसमोर मांडावा, एवढ्याच इच्छेने मी येथे उभा आहे. तो शब्द 'उमेदवार'. आज तो कानी पडताच निवडणूक, भित्तिपत्रके आणि मतपेटी डोळ्यांपुढे येतात. परंतु इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत जो उमेदवार असे, तो म्हणजे कारकुनाच्या बैठकीशेजारी विनावेतन बसून, दप्तरांचे रुमाल सोडीत आणि बांधीत, अर्जांच्या नकला करीत, कोणत्या कागदावर कोणता शेरा पडतो हे नजरेने टिपीत, आज ना उद्या एखादी जागा रिकामी होईल या उमेदीवर दिवस काढणारा मुलगा. त्याच्यापाशी अधिकार नसे, पगार नसे. शिकण्याची तयारी असे आणि आपल्याला हे अजून येत नाही याची स्वच्छ जाणीव असे.

आज पदवी घेणाऱ्या आपणां सर्वांना आता कोठे ना कोठे अशी उमेदवारी करावी लागेल, हे सांगण्यासाठी कोणा पाहुण्याला बोलावण्याची आवश्यकता नव्हती. मला सांगावयाचे आहे ते त्यापुढचे. उमेदवारी संपली, जागा मिळाली, हाताखाली चार माणसे आली, म्हणजे मनुष्य असे समजू लागतो की शिकण्याचा अध्याय मिटला आणि आता साठविलेले खर्च करावयाचे. आणि बहुधा त्याच क्षणी त्याची वाढ खुंटते. ज्या गुणांनी आपल्याला पहिली जागा मिळवून दिली ते गुण दुसऱ्या जागेवर अपुरे पडतात, कधीकधी तर आडवेही येतात. म्हणून ज्याला इतरांना घेऊन चालावयाचे आहे त्याने आयुष्यात अनेकदा, आणि तेही पिकल्या वयात, मिळविलेली गादी सोडून कारकुनाशेजारच्या त्या सतरंजीवर पुन्हा येऊन बसले पाहिजे, अशी माझी श्रद्धा आहे.

ही श्रद्धा मला फुकट मिळाली नाही. एकोणीस वर्षे वर्गात शिकविल्यानंतर एका महाविद्यालयात प्राचार्य म्हणून मी रुजू झालो, तेव्हा चांगला शिक्षक हा माझा लौकिक होता आणि त्याच्याच बळावर ते पद मला मिळाले होते. पहिली दोन वर्षे मी प्रत्येक वेळापत्रक स्वतः आखले, प्रत्येक पत्राचा मसुदा स्वतः दुरुस्त केला, तरुण सहकाऱ्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि घंटा होताच त्यांच्या चुका त्यांना दाखवून दिल्या. मी रात्रंदिवस श्रमत होतो आणि ती संस्था मात्र दिवसेंदिवस मुकी होत चालली होती. नवी कल्पना घेऊन माझ्या दाराशी कोणी येईनासे झाले होते. निवृत्तीला आलेले आमचे मुख्य लिपिक एका संध्याकाळी हजेरीपट सहीसाठी पुढे ठेवताना शांतपणे म्हणाले, "सर, आपण अजून वर्गातच आहात." त्या चार-पाच शब्दांचा पुरता अर्थ उमगण्यास मला काही महिने लागले, परंतु उमगला तेव्हा मी त्याच गृहस्थांपाशी बसून वर्षभर दप्तर शिकलो, अंदाजपत्रकातील कोणत्या रकान्यात संस्थेचे भवितव्य दडलेले असते हे शिकलो, आणि कोणते काम आपल्याला उत्तम येत असूनही आपण करता कामा नये, हे त्याहून कठीण शास्त्र शिकलो.

माझा अनुभव एवढाच, आणि तो लहान आहे. म्हणून मी आपणांस धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राकडे नेतो. 'महर्षी' म्हटले की आपण हात जोडतो आणि पुढे निघून जातो. मला मात्र त्यांच्याकडे, शंभरी ओलांडेपर्यंत उमेदवार राहिलेला मनुष्य म्हणून पाहावेसे वाटते. 1858 साली कोकणात जन्मलेला, दापोलीजवळच्या मुरुड गावी वाढलेला, 1884 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झालेला हा तरुण स्वभावाने अतिशय लाजाळू होता. चार माणसांत बोलावयाचे म्हटले की त्याला संकोच वाटे. मुंबईतल्या शाळांतून शिकविता शिकविता 1891 साली गोपाळराव गोखल्यांच्या बोलावण्यावरून तो पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. तेथेच हे चरित्र थांबते, तरी एक सुशील आणि परोपकारी प्राध्यापक म्हणून त्याची आठवण राहिली असती.

पहिली पत्नी वारल्यानंतर 1893 मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि ज्या मुरुडच्या हितासाठी त्यांनी पै-पै जमवून 'मुरुड फंड' उभा केला होता, त्याच मुरुडने ठराव करून त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच वर्षी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली, आणि पुढे तिचे नाव बदलून 'विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी' असे ठेवण्यात आले. हा नामबदल चरित्रकार एका ओळीत उरकतात. मी त्यापाशी पुष्कळदा थांबलो आहे. उत्तेजन देणारा समाजाला पाठीमागून लोटतो, आणि प्रतिबंध दूर करणारा वाटेतले दगड बाजूला करून ज्याला चालावयाचे आहे त्याच्या निर्णयासाठी थांबतो. एवढे अंतर ज्याला दोन वर्षांच्या कामातून कळले, तो काम करता करता शिकत होता.

याहून मोठा पालट त्यानंतरचा. पुनर्विवाहाने मोजक्याच स्त्रियांची सुटका होईल, परंतु विद्या मिळाली तर विवाह करो वा न करो, प्रत्येक विधवा स्वतःच्या पायांवर उभी राहील, हे त्यांच्या ध्यानी आले, आणि 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. तेव्हा पुण्यात शंका निघाली, की शिक्षणाच्या निमित्ताने मुली जमवून हा मनुष्य त्यांचे पुनर्विवाह लावून देणार. या शंकेला उत्तर म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या मंडळीचे चिटणीसपद सोडले आणि आश्रमाचा कारभार त्या चळवळीपासून अलग ठेवला. ज्या कार्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला, ज्याच्याशी स्वतःचे नाव जोडले गेले होते, त्यातूनच बाजूला होणे म्हणजे माघार, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. तरुणपणी मलाही तसेच वाटत असे. आज मला त्यात त्यांच्या आयुष्यातले सर्वांत अवघड धैर्य दिसते, कारण विरोधकांचा रोष सोसणाऱ्याला निदान आपल्या पक्षाची शाबासकी तरी मिळते, परंतु जो आपलीच कालची कीर्ती बाजूला ठेवतो त्याच्या पाठीवर हात ठेवावयास दोन्हीकडचा कोणी येत नाही.

1900 साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जमिनीवर, एका झोपडीत गेला. कॉलेजातले तास आटोपले की हे प्राध्यापक आश्रमासाठी लागणारे जिन्नस घेऊन संध्याकाळी पायी हिंगण्यास जात आणि सकाळी पुन्हा गणित शिकविण्यास फर्ग्युसनमध्ये हजर होत. सभेत बोलण्यास संकोचणारा हा मनुष्य झोळी घेऊन गावोगाव वर्गणी मागू लागला. आपल्या स्वभावात जे नव्हते ते त्याने कामासाठी अभ्यासाने कमावले.

वयाच्या 57व्या वर्षी, 1915 मध्ये, मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पूर्वीच त्यांच्या हाती पडली होती. भाषणाची तयारी करताना तीच त्यांना नव्या अर्थाने दिसली, आणि पुढल्याच वर्षी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या विद्यार्थिनींनिशी मातृभाषेतून शिकविणारे महिला विद्यापीठ हिंगण्यास सुरू झाले. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी देऊन त्याला स्थैर्य दिले. त्यानंतर विश्रांती घेण्याचा पूर्ण अधिकार असताना हे गृहस्थ 1929 साली, वयाच्या 71व्या वर्षी, जगाच्या प्रवासास निघाले. 1936 मध्ये, 78व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे ती काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून त्यांनी पुन्हा दारोदार वर्गणी मागितली. आणि 1944 मध्ये, 86व्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ स्थापन केला. प्रत्येक वेळी आधीची संस्था दुसऱ्यांच्या हाती सोपवून ते स्वतः पहिल्या पायरीवर परत आले. 1958 साली त्यांना भारतरत्न मिळाले, आणि त्याच वर्षी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली.

परंतु केवळ कर्व्यांची कथा सांगून थांबलो तर अन्याय होईल, कारण त्याच आश्रमातील एका स्त्रीने केलेली उमेदवारी मला त्यांच्याहूनही अपूर्व वाटते. पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या मेहुणी. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी एक लहान मुलगा होता, आणि शिक्षणाचा खरा आरंभ झाला तो पंचविशीच्या सुमारास. आश्रमात शिकून त्या आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या, त्याच्यासाठी गावोगाव सभांतून बोलल्या, वर्गणी जमविली. आणि ज्या केशवपनाची चाल त्यांनी इतकी वर्षे पाळली होती ती 1912 मध्ये विचारपूर्वक सोडून दिली. 1918 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी जवळजवळ येत नसताना, ते शिकण्यासाठी आणि संस्थेसाठी मदत मिळविण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून काम केले. आपल्या प्रांतात शेकडो लोक ज्यांचे भाषण ऐकण्यास जमत, त्या बाई परमुलखात परक्या घराची भांडी घाशीत एकेक इंग्रजी शब्द गोळा करीत होत्या, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. त्यांनी 'माझी कहाणी' हे आत्मवृत्त 1928 मध्ये लिहिले. स्नातिकांनी तरी ते वाचावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

या नव्या-नव्या जन्मांचा खर्च कोणीतरी देत असतो, हेही मला आपणांपासून लपवावयाचे नाही. गोदूबाई, म्हणजेच विवाहानंतरच्या आनंदीबाई, यांनी 'माझे पुराण' लिहिले, आणि त्यात मिळकतीचा मोठा वाटा संस्थेकडे जात असताना घर चालविणाऱ्या स्त्रीची ओढाताण किती होते ते त्यांनी निर्भीडपणे सांगितले. कर्व्यांबद्दलचा माझा आदर त्याने उणावला नाही, पण आपला जमाखर्च मांडताना खर्चाच्या बाजूला घरच्या माणसांची नावे लिहिली पाहिजेत, हे मला त्या पुस्तकाने शिकविले. आपणही कधी काळी सुरक्षित जागा सोडून नव्या वाटेने निघाल, तेव्हा निघण्यापूर्वी घरात बसून मसलत करा. परत आल्यावर केलेली मसलत ही नुसती वर्दी असते.

एक शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. असे वारंवार बदलणारा मनुष्य चंचल नव्हे काय? चंचल मनुष्याचे प्रश्न बदलतात. कर्व्यांचा प्रश्न आयुष्यभर एकच होता, ज्याला समाजात उभे राहावयास जागा नाही त्याला ती कशी मिळावी. तो प्रश्न विधवेपासून सर्व स्त्रियांपर्यंत, तेथून शाळा नसलेल्या खेड्यापर्यंत, आणि अखेरीस जातीने दूर लोटलेल्या माणसापर्यंत रुंदावत गेला, आणि प्रत्येक रुंदीबरोबर जुने कर्वे त्याला पुरेनासे झाले.

शेवटी त्यांच्या लहानपणातला एक प्रसंग सांगून मी आपली रजा घेतो. सरकारी नोकरीसाठी त्या काळी एक परीक्षा द्यावी लागे, आणि ती देण्यासाठी साताऱ्यास जावयाचे होते. धोंडो कर्वे हा मुरुडचा मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून पायी सुमारे शंभर मैल चालत साताऱ्यास पोहोचला. परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो किरकोळ अंगाचा, वयाने लहान दिसणारा मुलगा नियमात बसत नाही असे त्यांनी ठरविले, आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तो मुरुडास परतला. पुढल्या वर्षी तो पुन्हा निघाला.