स्फटिकावरील लहर आणि वऱ्हाडचा उन्हाळा
(अकोला येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आपण शिक्षण, शेती, विवाह अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांचे विचार ऐकत आला आहात. यंदा कार्यकारी मंडळाने मला माझ्याच व्यवसायाविषयी बोलण्याची आज्ञा केली. माझे उभे आयुष्य नखाएवढ्या एका वस्तूची आखणी करण्यात गेले. तिला कारखान्यात ‘सॉ फिल्टर’ म्हणतात. आपण तिला पृष्ठलहरींची गाळणी म्हणू. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत अशा अनेक गाळण्या आहेत.

धान्य चाळताना खडे वर राहतात, माती खाली जाते. मधलाच दाणा हवा असेल तर दोन चाळण्या लागतात. रेडिओलहरींचेही तसेच आहे. आकाशकांडीवर शेकडो केंद्रांच्या लहरी एकदम येऊन आदळतात. त्यांतील ठराविक कंपनसंख्येचा पट्टा ठेवून वरचे व खालचे सर्व टाकावयाचे, हे गाळणीचे काम.

लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये गणिताने दाखविले की घन पदार्थाच्या केवळ पृष्ठभागास बिलगून धावणारी एक लहर असते. १९९३ साली किल्लारीस धरणीकंप झाला. अशा कंपात जमीन हेलकावते, त्यात या लहरीचा मोठा वाटा असतो. तीच लहर, परंतु अतिसूक्ष्म रूपात, स्फटिकाच्या चकतीवर उठविता येते. १९६५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्हाइट व व्होल्टमर यांनी तिची सोपी युक्ती दाखविली. स्फटिकावर धातूच्या दोन फण्या, दातांत दात गुंतवून, पण एकमेकींस न चिकटविता उमटवावयाच्या. त्यांना विद्युत्संदेश दिला की स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो आणि लहर निघते. पलीकडे असाच दुसरा जोड असतो. तो त्या लहरीची पुन्हा वीज करतो.

यात लाभ कोणता? ७० मेगाहर्ट्झची रेडिओलहर हवेत सुमारे सव्वाचार मीटर लांबीची असते. लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर तीच लहर सेकंदास चार किलोमीटरहून किंचित कमी वेगाने चालते आणि तिची लांबी अवघी ५७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, होते. मग खोलीभर पसरणारी रचना नखावर मावते. आणखी एक गोष्ट मला आजही मोहविते. फणीचे दात कोठे किती लांब एकमेकांत शिरले आहेत, त्याच आकाराचा नाद एका टिचकीसरशी त्या स्फटिकातून उमटतो. दातांची नक्षी बदला, गाळणीचा स्वभाव बदलतो. पट्टा अरुंद हवा तर दात अधिक, रुंद हवा तर कमी.

मात्र येथे काहीही फुकट मिळत नाही. साधी फणी लहरीचा अर्धा भाग उलट दिशेस सोडते. शिवाय पलीकडच्या फणीवरून परतलेली लहर पहिलीवर आपटून तिसऱ्या फेरीने पुन्हा येते. जुन्या दूरचित्रवाणी संचात तिच्यामुळे चित्राशेजारी पुसट भूत दिसे. ते टाळण्यासाठी आखणीकार जाणूनबुजून शक्तीचा व्यय पत्करतो. शंभरांतील नव्व्याण्णव भाग घालवून एक शुद्ध भाग घेणे हे त्या संचांत नित्याचेच होते. नवशिक्यास हे पटत नाही; मलाही पटले नव्हते.

१९९०च्या दशकात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओदुर्बीण उभी राहिली. तिच्या मूळ ग्रहणव्यवस्थेतही ७० मेगाहर्ट्झवर याच गाळण्या होत्या. आकाशगंगांकडून आलेला क्षीण संदेश असल्या नखाएवढ्या स्फटिकावरून चालत जाई, हे सांगताना मला अभिमान वाटतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. १९९४ मध्ये अकोला-अमरावती मार्गावरील एका बिनतारी दुव्यासाठी आमच्या कारखान्याने ७० मेगाहर्ट्झच्या गाळण्या केल्या. पट्टा ५०० किलोहर्ट्झचा. मी नायोबेट निवडला, कारण त्यात विजेची लहर जोमाने होते व शक्ती कमी वाया जाते. २५ अंशांच्या थंड प्रयोगशाळेत सर्व गाळण्या उत्तम ठरल्या.

मे महिन्यात मूर्तिजापूरजवळच्या ठाण्यावर दुवा रोज दुपारी तुटू लागला. तेथील वृद्ध तंत्रज्ञावर हयगयीचा ठपका आला. सेवापुस्तकात शेरा पडला, वेतनवाढ थांबली. मी चौकशीस गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सकाळी चालते न दुपारी मरते, अन् दिवस बुडाला का पुन्हा जित्ती होते, साहेब.” त्यांनी पुढे केलेल्या वहीत महिनाभराची दर तासाची नोंद होती, शेजारी तापमापकाचा आकडा. पत्र्याखालच्या त्या पेटीत पारा ६५ अंशांस भिडत होता.

ती वही वाचताना माझे कान तापले. नायोबेट तापला की दर अंशास त्याची कंपनसंख्या दहा लाखांत सुमारे ७५ भागांनी उतरते. चाळीस अंशांस ७० मेगाहर्ट्झवर हे उतरणे २१० किलोहर्ट्झ होते. पट्ट्याची वरची कड संदेशाच्या अंगावरच येऊन बसली होती. हा हिशेब एका ओळीचा आहे. मी अमरावतीत वाढलेला, मे महिन्यात ओले पोते डोक्यावर घेऊन शाळेत गेलेला, आणि तरीही मी तो मांडला नव्हता.

योग्य छेदाच्या क्वार्ट्झ स्फटिकावर हेच उतरणे चार किलोहर्ट्झच्या आत राहते. त्यात लहर दुबळी उठते, म्हणून रुंद पट्ट्यास तो निरुपयोगी. परंतु इतक्या अरुंद पट्ट्यास तोच योग्य होता. आम्ही क्वार्ट्झच्या गाळण्या बसविल्या. मी लेखी कबुली दिली आणि तो शेरा खोडला गेला. थांबलेली वेतनवाढ मात्र त्या गृहस्थांस पुढच्या वर्षीच मिळाली.

आजच्या दूरध्वनीतही हेच संकट आहे. एका प्रचलित पट्ट्यात बोलण्याची बाजू ९१५ मेगाहर्ट्झला संपते आणि ऐकण्याची ९२५ला सुरू होते. मध्ये दहाच मेगाहर्ट्झचा बांध. चाळीस अंश उष्णता वाढली की टँटलेटचा स्फटिक त्यातील दीड मेगाहर्ट्झ सहज खातो. म्हणून त्यावर सिलिकाचा पातळ थर देतात. सिलिका तापली की उलट अधिक ताठ होते व उतरणे सावरून धरते.

त्या पहिल्या खेपेतील एक गाळणी, झाकण उघडून, मी आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर येथील टेबलावर भिंगाखाली ठेवीन. विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी. फणीचे दात तिरप्या उजेडात अधिक स्पष्ट दिसतात.