पाहुण्या पाखरांचे यजमान

कार्तिकाच्या सुमारास, शहरांतील घरें दिवाळीच्या गडबडींतून नुकतीं मोकळीं होत असतां, महाराष्ट्राच्या आकाशांतून एक लहानसा प्रवासी निघून जातो. त्याची वर्दी बहुतेकांना नसते. लोणावळ्याच्या डोंगरांवर एखाद्या पक्षिनिरीक्षकाच्या दुर्बिणींत तो क्षणभर सांपडतो, एवढेंच. हा अमूर ससाणा. वजन सुमारें दीडशें ग्रॅम. नर राखी रंगाचा, पाय तांबूस-नारिंगी. आग्नेय सैबेरिया व उत्तर चीन हें त्याचें जन्मस्थान, आणि तेथील अमूर नदीवरून त्याला हें नांव मिळालें. थंडीचे महिने तो दक्षिण आफ्रिकेच्या बाजूस काढतो आणि तिकडे जातांना अरबी समुद्र एका दमांत ओलांडतो. समुद्रावर त्याला ना विसांवा, ना धड अन्न. म्हणून वाटेची शिदोरी तो आधींच, ईशान्य भारतांत, पोटांत बांधून घेतो.

या शिदोरीचें एक मोठें ठिकाण म्हणजे नागालँडच्या वोखा जिल्ह्यांतील दोयांग जलाशय. वीज-उत्पादनासाठीं दोयांग नदीवर धरण झालें आणि सन २००० मध्यें केंद्र चालूं झालें. धरणाच्या पाण्याखालीं लोथा नागांची नदीकांठची शेती गेली व कित्येक शेतकरी मासेमारीकडे वळले. ऑक्टोबर महिन्यांत जमिनींतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते, आणि ती टिपण्यासाठीं ससाण्यांचे अफाट थवे जलाशयाच्या परिसरांत उतरतात. जाळीं घरांत होतींच. लोकांनीं तीं थव्यांच्या मुक्कामाच्या झाडांमधून उंचावर ताणलीं. संध्याकाळीं परतणारा व पहांटे उडणारा पक्षी त्यांत अडके. त्या पैशांतून घरखर्च भागे, मुलांच्या शाळेची फी भरली जाई.

२०१२ च्या ऑक्टोबरांत निसर्गाभ्यासकांचा एक लहान गट तेथें पोहोंचला. पक्षिशास्त्रज्ञ शशांक दळवी व नागालँडच्या पत्रकार बानो हरालू हे त्यांत होते. ऐन हंगामांत दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी पकडले जातात, आणि एका हंगामाची संख्या १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजार भरते, असा त्यांचा अंदाज निघाला. त्यांनीं घेतलेलीं चित्रें जगभर गेलीं आणि सर्वत्र हळहळ व्यक्त झाली.

आतां प्रश्न असा कीं, हें थांबवावें कोणीं? वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ पासून होता. परंतु नागालँडांतील बहुतेक जमीन व जंगल सरकारच्या मालकीचें नाहीं. तें गांवाचें, कुळाचें किंवा कुटुंबाचें आहे, आणि राज्यघटनेच्या ३७१-अ या कलमानें हा अधिकार राखलेला आहे. जेथें झाड दुसऱ्याचें, तेथें पहारा किती ठेवणार? एका झाडाखालीं शिपाई उभा केला, तर जाळें पलीकडच्या डोंगरावर लागेल.

म्हणून गांवांचीच संमति मिळवावी लागली. पांग्ती, आशा व सुंगरो या गांवांच्या परिषदांशीं बोलणीं झालीं. वनखातें, स्थानिक कार्यकर्ते व चर्चची मंडळी यांनीं लोकांना समजावलें. मुलांसाठीं शाळांतून निसर्गमंडळें निघालीं. अखेर परिषदांनीं स्वतःच पक्षी पकडण्यास बंदी केली, आणि २०१३ च्या हंगामांत तेथें एकही पक्षी पकडला गेल्याची नोंद झाली नाहीं. वर्षभरापूर्वीं जे जाळीं लावीत होते, त्यांच्यांतलेच कांहीं आतां राखणीस उभे राहिले.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशीं जोडलेलीं चिमुकलीं यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांस नागा, वोखा व पांग्ती अशीं नांवें दिलीं. ज्या गांवानें पक्ष्यांना अभय दिलें, त्याचें नांव घेऊन एक पाखरूं आफ्रिकेकडे निघालें, ही गोष्ट गांवकऱ्यांना अर्थातच लहान वाटली नाहीं. या यंत्रांमुळें ससाण्याचा पल्लाही कळला. दोयांगहून निघून भारतीय द्वीपकल्प व अरबी समुद्र ओलांडीत साडेपांच हजार किलोमीटरांच्या आसपासचें अंतर तो पांच-सहा दिवसांत, मध्यें कोठें न थांबतां, उडून जातो.

येथवर कथा गोड आहे. परंतु तिचा हिशेब पुरा झालेला नाहीं. ज्या कुटुंबाची शेती धरणानें घेतली, त्याच कुटुंबाची नवी मिळकत पक्षिरक्षणानें घेतली. पाखरें पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळें कांहीं घरांना चार पैसे मिळतात, पण तो लाभ सर्वांच्या पदरांत सारखा पडत नाहीं. शिवाय थवा दर वर्षीं त्याच झाडांवर उतरेल, असा करार पाखरांनीं केलेला नाहीं. त्याग मात्र दर वर्षींचा आहे.

महाराष्ट्रास ही रीत अगदींच परकी नाहीं. सह्याद्रींत ज्या देवराया उरल्या, त्या गांवानें पाळलेल्या नियमामुळें. कुऱ्हाड लावावयाची नाहीं, हें सर्वांनीं मिळून मानलें, म्हणून. पण जेथें श्रद्धेचा धाक ओसरला आणि पोटाची निकड वाढली, तेथें देवरायाही विरळ झाल्या. यावरून एवढें दिसतें कीं, स्थानिकांच्या संमतीवांचून पाखरूं जगत नाहीं आणि स्थानिकांचें पोट भरल्यावांचून ती संमति टिकत नाहीं.

पक्ष्यांविषयीं कळवळा बाळगणें शहरांतील सुशिक्षितांस फारसें महाग पडत नाहीं. जाळें गुंडाळून ठेवणाऱ्या कोळ्यास तें महाग पडतें. तेव्हां त्याच्या कृत्याची वाखाणणी करून थांबणें पुरेसें नाहीं. त्याच्या मुलाची फी, त्याच्या बुडालेल्या शेताचा मोबदला व त्याला दुसरा धंदा मिळवून देणें, हीं पक्षिरक्षणाचींच कामें समजलीं पाहिजेत. आणि त्यांचा भार, ज्यांच्या डोक्यावरून तीं पाखरें सुखरूप उडून जातात, त्या सर्वांनीं उचलला पाहिजे.