'माय फादर वेअर' : आदर आणि अनेकवचन

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला इंग्रजी व्याकरणावर बोलण्यास सांगितले आहे. विषय कोरडा खरा. पण महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, तरी एक चूक आपल्या मुलांच्या वह्यांतून दहावीपर्यंत हटत नाही. तेवढीच मी आज घेतो.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी वडिलांविषयी दहा ओळी लिहावयास सांगितल्या. एका मुलाची पहिलीच ओळ होती, 'माय फादर वेअर अ मेकॅनिक.' मी 'वेअर' खोडले, 'वॉज' लिहिले, अर्धा गुण कापला आणि पुढची वही ओढली. मधल्या सुट्टीत तो मुलगा आला. म्हणाला, "सर, 'वॉज' मतलब 'था' ना? अब्बा को 'था' कैसे लिखूँ?" त्याचे वडील हयात नाहीत हे मला त्या वेळी कळले. माझी दुरुस्ती बरोबर होती. परंतु चूक का झाली, हे मी विचारलेच नव्हते.

त्या मुलाने नियम पाळला होता, मात्र तो आपल्या भाषेचा. मराठीत आपण 'वडील आले आहेत' म्हणतो, घरी 'अब्बा आए हैं' म्हणतो. माणूस एक, क्रियापद अनेकांचे. मराठी व्याकरणात यास आदरार्थी अनेकवचन म्हणतात. इंग्रजी 'फादर'च्या बाबतीत फक्त मोजणी करते. बाप एक, म्हणून 'इज', 'वॉज', 'हॅज', 'डज'. राष्ट्रपती असोत की शिपाई, 'इज'च. बाप आणि चुलते दोघे आले, तर 'आर'. मुलगा 'माय फादर इज' म्हणाला तर काही वडीलधाऱ्यांना ते 'अब्बा है' असे ऐकू येते व मूल उद्धट झाले असे वाटते. त्यांनी खात्री बाळगावी, इंग्रजाचा मुलगाही आपल्या बापाविषयी असेच बोलतो.

यावर हुशार विद्यार्थी हटकून विचारतो, "मग 'यू' म्हणजे एकच माणूस असला तरी 'यू आर' का?" प्रश्न उत्तम आहे. 'यू' हा शब्द मुळात अनेकांसाठी होता. एकट्यासाठी 'दाउ' असे. पुढे मोठ्या माणसास एकट्यालाही आदराने 'यू' म्हणू लागले, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास 'दाउ' रोजच्या बोलण्यातून मागे पडला. म्हणजे 'तू' गेला, 'तुम्ही' तेवढा उरला. इंग्रजीच्या घरातही आदरार्थी अनेकवचन होतेच, ते या एका खोलीत शिल्लक आहे.

आपल्या ओळखीचे शब्द पाहा. 'नवाब' हे अरबीतील 'नायब'चे अनेकवचन. एकट्याला मोठेपणाने लावले. 'औलिया' हे 'वली'चे अनेकवचन. मराठीत 'तो अवलिया आहे' असे आपण एकाच माणसाविषयी म्हणतो. 'अखबार' म्हणजे मुळात 'खबर'चे अनेकवचन, पण उर्दूत 'अखबार आया'. इंग्रजीतील 'न्यूज'चे तेच झाले आहे. शेवटी 'एस' दिसतो, तरी 'द न्यूज इज गुड'. ज्याला 'अखबार आया' खटकत नाही, त्याला 'न्यूज इज' खटकू नये.

आता 'एस'चा घोटाळा. मुले 'बॉईज प्लेज' लिहितात, कारण अनेकवचनाला 'एस' लागतो हे ती नामाबरोबर शिकलेली असतात. मी वर्गात सांगतो, दोन भावांत छत्री एकच. 'बॉईज'ने घेतली तर 'प्ले' भिजत जाईल. 'बॉय' एकटा असेल तर ती 'प्लेज'कडे. नकार आला की सहायक क्रियापद ती पळवते : 'द बॉय डज नॉट प्ले'. 'चिल्ड्रेन' आणि 'मेन' यांचे अनेकवचन 'एस'वाचून होते, म्हणून 'चिल्ड्रेन प्ले'. तिथे छत्री कोणाकडेच नाही. 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'विल' यांना एक काय, शंभर काय, सारखेच.

खरी ठेच मात्र मराठी मनात ठेवून लिहिताना लागते. आपण 'पैसे आहेत' म्हणतो, इंग्रजीत 'मनी इज'. आपले 'केस पिकले आहेत', त्यांचे 'हेअर हॅज'. आपली कात्री एकच आहे, त्यांच्या 'सिझर्स आर'. जालन्याच्या मोंढ्यातून आलेला शेतकरी सांगतो, 'कांद्याचे भाव वाढले आहेत'. मुलगा लिहितो, 'द प्राईस ऑफ अनियन्स हॅव गॉन अप'. एक तर त्याच्या कानात 'भाव' अनेकवचनी, त्यात क्रियापदाला लागून 'अनियन्स' उभे. पण क्रियापदाचा धनी 'प्राईस' आहे, तो दूर असला तरी : 'हॅज गॉन अप'. 'वन ऑफ माय ब्रदर्स'चेही तसेच. भाऊ चार, पण धनी 'वन', म्हणून 'इज'.

पालकांना इंग्रजी येत नसले तरी मदत करता येईल. मूल वाक्य वाचत असता एवढेच विचारा, "कोण? आणि किती?" 'किती'चे उत्तर देताना त्याला धनी शोधावाच लागतो.

त्या मुलाचा अर्धा गुण मी परत दिला नाही. वाक्य चूकच होते. मात्र दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'था', 'थे', 'होते' आणि 'वॉज' हे चारही शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि तास त्यावरच घेतला. तेव्हापासून दरवर्षी घेतो.