रोग्याच्या दारी जाणारी सेवा



दिंडीला शंभर वर्षं झाली. ह्या आनंदात आम्हाला सेवेबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत.

वारीत कुणाला ताप भरला तर डॉक्टर गोळी देतात. पण त्याची पडशी कोण उचलतो? तांदळाची पेज कोण करून पाजतो? मुक्कामाला कोण पोचवतो? दिंडीतलाच माणूस. गोळी आणि आधार, दोन्ही मिळाले तेव्हाच तो पंढरी पाहतो. गावातल्या आजाऱ्याचं ह्याहून वेगळं नाही.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीचंच पाहा. 1986 साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणीताई बंग तिथं आले, 'सर्च' संस्था काढली. 1988 च्या सुमारास तिथल्या खेड्यांत हजार लेकरं जन्मली तर 121 वर्षाच्या आत जात. दवाखाना लांब, पावसात नाल्याला पूर, आणि ओल्या बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही ही चाल. मग त्यांनी दवाखानाच घरात नेला. 39 गावांत गावच्याच बाया निवडल्या, थोड्याच शिकलेल्या. त्यांना बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुदोष झाला तर इंजेक्शन देणं शिकवलं. नाव दिलं आरोग्यदूत. 2003 पर्यंत 121 चा आकडा 30 वर आला.

हे कशानं झालं? ती बाई गावची होती. कोणत्या घरी सासू ऐकत नाही, कोणाच्या घरी दाणा नाही, कोणाचा नवरा पिऊन येतो, तिला ठाऊक. नुसतं औषध देणाऱ्याला हे दिसत नाही. पुढं हीच रीत 2011 पासून देशभर आशाताईंच्या हाती आली. बाळंतपण दवाखान्यात झालं तर 42 दिवसांत ताई सहा वेळा घरी येते, घरी झालं तर सात वेळा.

आपल्या वरोऱ्याचं आनंदवनही हेच सांगते. बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्याची जखम धुतली, पण तिथं थांबले नाहीत. घरच्यांनी टाकलेल्या माणसाला जमीन दिली, हाताला काम दिलं, मान दिला. जखम औषधानं भरते, टाकलेपण औषधानं जात नाही.

नाथ महाराजांची गोष्ट आपण सांगतो. गोदेच्या तापल्या वाळवंटात लेकरू रडत होतं. महाराजांनी ते उचललं, कडेवर घेतलं, आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं. उचलणं ही अर्धी सेवा, घरी पोचवणं ही पुरी.

आता आपल्याकडं काय काम आहे ते सांगतो. आशाताईला कायम नोकरीचा पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला आहे. रोवणा टाकून ती बाळंतिणीसोबत जाते. रात्री निघाली तर गावातलं एक माणूस तिच्यासंगं जावं. ती दारात आली तर तिला मोकळं पाठवू नका, पाणी द्या, ऐकून घ्या. क्षयरोग्याला सरकार खाण्यापिण्यासाठी महिन्याला हजार रुपये देते. त्याचा कागद अडला असेल तर शिकलेल्या पोट्ट्यांनी पाहावं. डॉक्टर म्हणतील तितके महिने त्याची गोळी चुकू देऊ नका, आणि बरा झाला की पंगतीत आपल्या शेजारी बसवा. सिकलसेलची तपासणी लग्नाआधी करा. आणि माळ घातलेल्या तोंडात खर्रा नको, माउली. ताई घरोघरी सांगत फिरते, आणि आपणच खर्रा खाऊन बसलो तर तिचं कोण ऐकणार?

गावात कोणीतरी एकटी म्हातारी असते. पोरं कामाला पुण्या-नागपूरला, आणि तिच्या पायात चालायचं बळ नाही. एकादशीला तिच्या घरी दहा मिनिटं बसा. औषध घेतलं का, जेवली का, विचारा. ताईला कळवायचं ते कळवा. चालता न येणाऱ्याची वारी अशीच होते, विठ्ठल त्याच्या दारी येतो.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!