सहलीला निघताना खिशातली डबी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यास, परीक्षा व शिष्यवृत्त्या या विषयांवर माझ्याआधी जाणकार मंडळी बोलून गेली आहेत. त्या मानाने माझा विषय किरकोळ वाटेल. मी एका डबीविषयी बोलणार आहे. ही पाहा. ही विद्यार्थ्यांची नेहमीची पत्र्याची कंपासपेटी आहे. आतील कर्कटक, कोनमापक आणि गुण्या काढून ठेवले आहेत आणि त्यांच्या जागी दुसरेच सामान भरले आहे. ते काय व कशासाठी, हे सांगावयाचे आहे.

आपले शहर खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या पट्टीत वसले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण डोंगर जेथे होता तेथेच आहे. बेलापूर किंवा खारघर येथील कित्येक घरांच्या खिडकीतून तो दिसतो. दादर-गिरगावच्या मुलाला डोंगरावर जावयाचे तर आगगाडीचे तिकीट काढावे लागते. आपल्या मुलाला पायात चपला अडकविल्या की पुरे. शिकवणीला म्हणून निघालेला मुलगा अर्ध्या तासात ओढ्याच्या काठी पोहोचतो आणि घरी कोणाला पत्ता नसतो.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. खारघरच्या पांडवकडा धबधब्याखाली २०१९ च्या ऑगस्टमध्ये चार महाविद्यालयीन मुली वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते कुटुंब आपल्यापैकी पुष्कळांनी मोबाईलवर पाहिले असेल. अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी शाळेत पालक येतात. ‘सर, आमच्या मुलीचे नाव सहलीतून काढा.’ मुलाचे नाव बहुधा तसेच राहते, हेही सांगून टाकतो. मीही एका मुलीचा बाप आहे, त्यामुळे ही भीती मला परकी नाही. पण नाव काढल्याने मूल डोंगराविषयी काही शिकत नाही. ते पुढे केव्हातरी मित्रांबरोबर, न सांगता आणि न शिकता जाते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच नोकरीस लागलो होतो आणि अंगात उत्साह फार होता. मोहल्ल्यातील नऊ मुलांना घेऊन मी पनवेलजवळच्या प्रबळगडावर गेलो. पावसाळा सरत आला होता. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीपर्यंत वाट सोपी आहे. वर मात्र गडाचा माथा विस्तीर्ण असून त्यावर दाट झाडी आहे, आणि तीत एका वाटेच्या चार वाटा होतात. माझी तयारी चोख होती. विजेरी, दोरी, बिस्किटे, मलमपट्टी, सगळे एका मोठ्या थैलीत भरले होते आणि थैली सर्वांत दणकट मुलाच्या पाठीवर दिली होती. दणकट असल्यामुळे तो अर्थातच सर्वांच्या पुढे होता.

दुपारी ढग खाली उतरले. मुले मोजली तर एक कमी. नववीतला एक मुलगा सँडलचा तुटलेला पट्टा बांधावयास मागे बसला होता आणि उठून भलत्याच वाटेने गेला होता. आम्ही हाका मारल्या, त्यानेही मारल्या. पण धुक्यात आवाज कोणत्या अंगाने येतो हे उमगत नाही. तासाभरात त्याचा घसा बसला. त्याच्या खिशात त्या वेळी काय होते? एसटीचे तिकीट आणि एक कंगवा. दिवस मावळावयाच्या सुमारास माचीवरील एका ठाकर गृहस्थांना तो सापडला. चालून दमल्यामुळे तो एका जागी बसला होता आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यावर दगड आपटीत होता. त्या आवाजाच्या रोखाने ते गृहस्थ गेले. आम्ही त्यांना पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. उलट आम्हालाच कोरा चहा पाजला.

रात्री मुलाला घरी पोहोचविले, तेव्हा त्याची आई मला रागावली नाही. तिने एवढेच विचारले, ‘सर, थैली तुमच्याजवळ होती ना? मग माझ्या पोराजवळ काय होतं?’

मित्रांनो, या प्रश्नातून ही डबी निघाली आहे. सामान आम्ही नेले होते; ज्याला हवे त्याच्याजवळ ते नव्हते. म्हणून माझा आग्रह असा की डबी प्रत्येकाची वेगळी हवी आणि ती थैलीत न ठेवता अंगावर, खिशात किंवा कमरेला हवी. थैली हातची सुटते, घसरते, दुसऱ्याकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना अशीच लहानशी डबी देत असत. तीत होकायंत्र, आगकाड्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, हॉर्लिक्सच्या गोळ्या आणि पाणी भरावयाची पिशवी असे. विमान पडले तर सामान विमानाबरोबर जाणार, अंगावर असेल तेवढेच उरणार, हा त्यातील विचार. आपल्याला शत्रूच्या मुलखातून पळावयाचे नसते. सापडेपर्यंत एक रात्र काढता आली म्हणजे झाले.

सर्वांत पहिली वस्तू शिट्टी. पी.टी.च्या सरांच्या गळ्यात असते तशी, पण प्लास्टिकची, म्हणजे गंजत नाही. हाका मारणाऱ्याचा घसा बसतो, शिट्टीचा बसत नाही. एका मिनिटात सहा वेळा वाजवावी, एक मिनिट थांबून कानोसा घ्यावा, पुन्हा सहा वेळा. संकटाची ही खूण जगभर गिर्यारोहक ओळखतात. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या येतात. ही शिट्टी वर्गात वाजविणाऱ्याची डबी जप्त होईल, हे आताच सांगून ठेवतो.

दुसरी वस्तू नखाएवढी विजेरी. मोबाईल आहे ना, असे मुले म्हणतात. मोबाईलची विजेरी लावून ठेवली की त्याची बॅटरी उतरते, आणि मग ११२ या क्रमांकावर मदत मागावयाची ती कशाने? शिवाय डोंगराच्या आड रेंज जाते. मोबाईल पिशवीत कोरडा ठेवावा आणि बोलण्यापुरताच वापरावा.

तिसरी वस्तू डबीत मावत नाही, ती घडी करून डबीभोवती गुंडाळावी: जाड प्लास्टिकचा मोठा कागद. आपल्याकडे थंडी कुठली, असे वाटेल. पण भिजलेले कपडे आणि वारा एकत्र आले की जुलै महिन्यातही दातखिळी बसावयाची वेळ येते. कागद अंगाभोवती घेऊन झाडाच्या किंवा खडकाच्या आडोशास बसावे. कड्याच्या अगदी खाली मात्र बसू नये, दगड येतात.

आगकाड्यांत पुष्कळ जण फसतात. काड्यांची डोकी वितळलेल्या मेणात बुडवून ठेवली की ओलाव्याने बिघडत नाहीत, हे खरे; ओढताना मेण नखाने खरवडावे. पण आजच्या काड्या पेटीच्या बाजूवरच पेटतात. ती बाजू कापून बरोबर ठेवली नाही तर काड्या असून नसल्यासारख्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून डबीला रबरासारखा लावावा. गरज पडल्यास त्याचा तुकडा ओल्यातही पेट घेतो. आग मात्र जीवावर बेतले तरच, आणि जानेवारीनंतर डोंगर वाळलेला असताना शक्यतो नाहीच. कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी आहेत, तेथे धूर म्हणजे आमंत्रणच. उग्र वासानेही माश्या चवताळतात, असे अनुभवी लोक सांगतात. तेव्हा सहलीच्या दिवशी अत्तराला सुट्टी द्यावी.

बाकीचे थोडक्यात सांगतो. क्षार-साखरेची एक पुडी; ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. दोन-तीन खजूर किंवा चिक्कीचा तुकडा. चिकटपट्टी, सेफ्टी पिना, थोडी नायलॉनची दोरी. या दोरीने वस्तू बांधावयाच्या. तिला धरून उतरावयाचे नाही. दमा असलेल्याचा पंप आणि ज्याचे जे रोजचे औषध असेल ते. हे पालकांनी पाहावे. पट्टीसाठी निराळे कापड नको, मुलींची ओढणी हात गळ्यात बांधावयास उत्तम, आणि ती भडक रंगाची असेल तर दुरून दिसतेही. ब्लेड मी मुलांच्या डबीत ठेवीत नाही, ते शिक्षकाजवळ असावे. सापासाठीही ब्लेड लागत नाही. दंशावर चिरा देणे, रक्त चोखणे, दोरीने करकचून बांधणे, या सर्व गोष्टी घातक आहेत. तो अवयव हलू न देता माणसाला दवाखान्यात न्यावे, १०८ ला फोन करावा.

आणि एक कागद. त्यावर नाव, पालकांचे दोन फोन, रक्तगट. दुसरा तसाच कागद घरी फ्रिजवर चिकटवावा आणि त्यावर कोठे जाणार, कोणाबरोबर, केव्हा परतणार हे लिहावे. डबीतील सर्व वस्तूंपेक्षा हा घरचा कागद मोलाचा आहे, कारण शोधणाऱ्यांना डोंगर कोणता हेच ठाऊक नसेल तर शिट्टी ऐकावयास येणार कोण? पालकांना विनंती आहे की हा कागद पाहून आरडाओरडा करू नका. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी कागद लिहिला जाणार नाही.

वाहत्या पाण्यापुढे मात्र ही डबी काही कामाची नाही. सह्याद्रीचे उतार उभे आणि कातळाचे. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत चढतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की चपला, मोबाईल, डबा सर्व सोडून काठावर, आणि काठावरून उंचावर जावे. वाट पलीकडे असेल तर पाणी उतरेपर्यंत अलीकडेच बसावे. एक रात्र लागली तरी बसावे. त्यासाठीच तो प्लास्टिकचा कागद आहे. पावसाळ्यात पांडवकड्यास वनखात्याने केलेली बंदी चुकवून मागील वाटेने जाणाऱ्यांत आपल्या वस्तीतीलही मुले असतात, हे मला माहीत आहे. त्यांपैकी काही या सभागृहात बसली आहेत. मी नावे घेत नाही.

शे-दीडशे रुपयांत डबी होते. निम्मे सामान घरातच निघते. दाराजवळच्या टेबलावर मी अशा चार डब्या ठेविल्या आहेत. त्या उघडून पाहावयास हरकत नाही. त्यांपैकी एक मी मुद्दाम चुकीची भरली आहे. तीत तीन चुका आहेत, आणि एका चुकीचा उल्लेख या भाषणात येऊन गेला आहे. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्या शोधून जाण्यापूर्वी मला सांगाव्यात. पालकांनी मदत करू नये.