अमेरिकेचे घड्याळ आणि आपले



आजच्या पत्रिकेवर साडेसातची वेळ छापलेली आहे. मी सव्वासातला येथे पोचलो, तेव्हा मांडवात दोनच माणसे होती. एक सतरंज्या अंथरीत होता, दुसरा ध्वनिक्षेपकाच्या तारा जोडीत होता. मी विचारले, "केव्हापासून आहात?" म्हणाले, "चार वाजेपासून, भाऊ." "आणि सुटणार केव्हा?" "तुमचे भाषण संपले म्हणजे." आता सव्वाआठ झाले आहेत. म्हणजे आपण सर्वांनी मिळून त्या दोघांचा दिवस पाऊण तासाने लांबविला. त्यांची मजुरी ठरलेली आहे, ती वाढणार नाही. मग हा पाऊण तास कोणी कोणाला दिला? माझा विषय 'अमेरिकन माणूस आणि वेळ' असा छापला आहे. पण मला बोलावयाचे आहे ते या पाऊण तासाबद्दल. अमेरिका त्यासाठी उपयोगी पडेल म्हणून तिकडे जाऊन परत येऊ.

प्रथमच सांगतो, मी अमेरिका पाहिलेली नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते गिरणीच्या दारातल्या सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि गावोगावच्या वाचनालयांत. तेव्हा पंडिताचे भाषण ऐकावयास कोणी आले असेल तर त्याची निराशा होईल.

अमेरिकन माणसाबद्दल आपण नेहमी ऐकतो की, तो मिनिटाला जपतो. मनगटाकडे पाहत चालतो, चालता चालता जेवतो. आणि लगोलग असेही ऐकतो की, आपला माणूस आळशी, त्याला वेळेची किंमत नाही. या दोन्ही गोष्टी मला अर्धवट वाटतात.

'वेळ म्हणजे पैसा' हे वाक्य जगभर पसरविले ते बेंजामिन फ्रँकलिनने. १७४८ साली त्याने एका तरुण व्यापाऱ्याला उपदेश लिहिला. त्यात त्याचा हिशेब साधा आहे. जो माणूस दिवसभर राबून दहा शिलिंग मिळवू शकतो, तो अर्धा दिवस बसून राहिला तर त्याने करमणुकीवर खर्च केलेल्या चार पैशांचेच नुकसान धरू नका. न मिळविलेले पाच शिलिंगही धरा. हिशेब बरोबर आहे. मी तो पुष्कळदा मनाशी मांडून पाहिला, आणि मला त्यात पुढची एक ओळ राहिल्यासारखी वाटली. त्या माणसाने आपण होऊन अर्धा दिवस घालविला तर पाच शिलिंग गेले. मग दुसऱ्या कोणी त्याला अर्धा दिवस बसवून ठेवला तर? तेव्हाही पाच शिलिंगच गेले ना? ते कोणी भरावयाचे?

ही घड्याळाची शिस्त अमेरिकन माणसाच्या रक्तात होती असेही नाही. १८८३ पर्यंत तेथे गावोगाव निराळी वेळ होती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावात बारा वाजले. रेल्वे कंपन्यांना ते परवडेना. त्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी देशाचे पट्टे पाडून एकेका पट्ट्याला एक वेळ लावून दिली. सरकारने त्यासाठी कायदा केला तो १९१८ साली. आधी रेल्वेचे घड्याळ आले आणि मागून माणूस त्याप्रमाणे चालू लागला.

आपल्याकडेही तेच घडले. भुसावळवरून जाणारी आगगाडी मद्रासच्या वेळेने चाले आणि मुंबई मुंबईच्या वेळेने. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सबंध देशाला एक वेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. गिरणीमालकाने भिंतीवरचा काटा पुढे सरकविला. कामगाराला मात्र एकोणचाळीस मिनिटे आधी अंधारात उठावे लागले. त्याच महिन्यात मुंबईत गिरणीकामगारांनी साचे सोडले, दगड फेकले. मुंबईच्या नगरपालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

माझ्या आजीजवळ घड्याळ नव्हते. कोंबडा आरवला, दिवस कासराभर वर आला, दिवेलागण झाली, एवढ्यावर तिचे काम चाले आणि ते चुकत नसे. आजही विजेची पाळी रात्रीची आली तर आपला शेतकरी रात्री उठून मोटार सुरू करावयास जातोच की नाही? त्याला आळशी कोणी म्हणावे?

माझे वडील खानदेशातल्याच एका गिरणीत साचेवाले होते. तिसरा भोंगा झाला की दरवाजा बंद. एकदा आजी आजारी म्हणून त्यांना पाच मिनिटे उशीर झाला. अर्ध्या दिवसाचा खाडा लागला. त्याच आठवड्यात पगाराची खिडकी दोन तास उशिरा उघडली. कामगार उन्हात रांगेत उभे होते. त्या दोन तासांचा खाडा कोणाला लागला नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि डबा घेऊन गेलो होतो. वडिलांना विचारले, "आपल्या पाच मिनिटांचे पैसे कापले, मग त्यांच्या दोन तासांचे?" वडील म्हणाले, "घड्याळ त्यांच्या भिंतीवर आहे." मी संघटनेत आलो तो या उत्तरामुळे.

पुढे वाचू लागल्यावर कळले की, अमेरिकेतही हेच भांडण झाले. तेथे फ्रेडरिक टेलर नावाचे इंजिनीयर होऊन गेले. कामगार हात कसा हलवितो, पाऊल कोठे टाकतो, हे सेकंदाच्या घड्याळावर मोजून काम ठरवावे असे त्यांचे शास्त्र. १९११ साली वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात हे घड्याळ घेऊन माणसे आली, तेव्हा ओतकाम करणारे कामगार काम टाकून बाहेर पडले. प्रकरण तेथील लोकसभेपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि १९१५ पासून सरकारी शस्त्रागारांत असे मोजमाप करण्यास पैसा खर्च करावयाचा नाही असे ठरले. ती बंदी १९४९ पर्यंत टिकली.

म्हणजे अमेरिकेत दोन माणसे आहेत. एक हातात सेकंदाचे घड्याळ घेऊन उभा आहे. दुसरा त्याच्यासमोर हात बांधून उभा आहे आणि म्हणतो आहे, माझा दिवस मीही मोजणार. १ मे १८८६ रोजी शिकागोच्या रस्त्यावर आठ तासांच्या दिवसासाठी उतरला तो हा दुसरा. काही दिवसांनी हे-मार्केटच्या सभेत बाँब पडला, खटले झाले, माणसे फासावर गेली. पण आठ तासांची मागणी जगभर गेली. आपण १ मे पाळतो तो अमेरिकन कामगाराचा दिवस आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

आपल्याकडेही त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे कामाला लागले होते. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्याला एक सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या मागण्या केल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे दिवसाचे तास एकेक करून सोडवावे लागले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली. आठवड्याचे तास १९२२ साली साठ, १९३४ साली चोपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस झाले. हा शेवटचा बदल झाला तेव्हा मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्यांनीही न्यूयॉर्कमध्ये राहून शिक्षण घेतले होते. अमेरिकेतून काय आणावे हे त्यांना चांगले कळत होते.

आता मला जी एक गोष्ट अमेरिकेतून आणावीशी वाटते ती सांगतो. शिकागोच्या एका साबणाच्या कारखान्यात आग विझविणारे शिपाई ठेवलेले होते. पाळीनंतर रात्री त्यांनी कारखान्यातच थांबावयाचे. आग रोज थोडीच लागते? ते पत्ते खेळत, गप्पा मारीत, झोपत. मालक म्हणाला, हे काम कसले? याचे पैसे कशाला? खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४४ साली निकाल लागला की, झोपेचा आणि जेवणाचा वेळ वगळून बाकीचे थांबणे हे कामच आहे. मालकाने जसे श्रम विकत घेता येतात, तसे तयार राहणेही विकत घेतलेले असते. फ्रँकलिनच्या हिशेबातली राहिलेली ओळ न्यायालयाने लिहिली असे मला वाटले.

पण तेथेही ही ओळ पुसली जातेच. २०१४ साली त्याच न्यायालयाने दुसरा निकाल दिला. नेव्हाडा राज्यातल्या गोदामांत कामगारांची सुटताना झडती होई, त्यासाठी रांगेत सुमारे पंचवीस मिनिटे जात असे त्यांचे म्हणणे होते. तो वेळ कामाचा नव्हे असे न्यायालयाने ठरविले. म्हणून कोणी अमेरिकेचे नाव घेऊन आपल्याला उपदेश करू लागला, तर कोणत्या अमेरिकेचे हे विचारून घ्यावे.

आता घरी येऊ. केळीची कापणी आपणा सर्वांना माहीत आहे. टोळीला निरोप जातो की, सकाळी सहाला बागेत या. बाया पाचला भाकरी बांधतात, लेकरू शेजारी ठेवतात. सहाला टोळी बागेत हजर असते. गाडी येते अकराला. मागे कोठे तरी अडकली, भाव ठरेना, चालकाला निरोप मिळाला नाही, कारणे पुष्कळ. पाच तास माणसे बांधावर बसून असतात. ती घरी जाऊ शकत नाहीत, दुसऱ्याकडे रोजाने जाऊ शकत नाहीत. मग अकराला धावपळ सुरू होते, कारण आता गाडीला उशीर होतो! पैसे मिळतात ते भरलेल्या मालाचे. सहा ते अकरा हे पाच तास कोणाच्याच वहीत नसतात.

याला अमेरिकेचा कायदा आणावयास नको. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच लिहिले होते की, मजूर कामाला तयार असून मालकाने काम दिले नाही, तर रोजाचे पुरे पैसे द्यावे लागतील. २०१९ च्या वेतनसंहितेतही ते कलम आहे. पण उक्त्या कामाच्या आडोशाने ते आपल्या बांधावर पोचत नाही. येथे समोर बागाईतदार बसले आहेत, व्यापारीही आहेत. त्यांच्यावर मी राग धरून बोलत नाही. त्यांचाही माल उन्हात ताटकळतो, तेही तालुक्याच्या कचेरीत एका सहीसाठी दिवस काढतात. 'सरकारी काम, सहा महिने थांब' ही म्हण त्यांनाही लागू आहे. आपल्याकडे मोठा लहानाला थांबवितो आणि तो आपल्याहून लहानाला थांबवितो. शेवटी बांधावरच्या बाईपुढे थांबवावयास कोणी उरत नाही.

आणि यात मीही आहे. काही वर्षांपूर्वी मी याच भागात शेतमजूर स्त्रियांची सभा सहाला लावली आणि आठला पोचलो. एक वयस्कर मावशी उठून म्हणाली, "भाऊ, मालक थांबवतो तर निदान गाडी येते. तुम्ही आम्हाला दोन तास बसवलं, तुमची कोणती गाडी अडकली होती?" मजुरांच्या वेळेवर तीस वर्षे भाषणे करणाऱ्या माणसाला उत्तर सुचले नाही. त्या दिवसापासून मी सभेला अर्धा तास आधी जातो.

हा प्रश्न आज नव्याने उभा राहिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम राहतील असे सांगितले गेले. पण ज्या आठ तासांसाठी शिकागोत माणसे मेली, त्या दिवसाची कड सैल झाली, हे विसरता कामा नये. आपली मुले पुण्यात संगणकावर न्यूयॉर्कच्या घड्याळाने काम करतात. तिकडे सकाळ होते तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असते. ती येथे रात्र जागवितात. आपल्यासाठी न्यूयॉर्कात कोणी जागत नाही. बारा तासांत जाण्यायेण्याचे दोन तास मिळवा. मग आईशी बोलावयास, पुस्तक वाचावयास, अशा व्याख्यानाला यावयास काय उरले, ते पाहा.

मला एवढेच सुचवावयाचे आहे. बागाईतदारांनी आणि व्यापाऱ्यांनी एक साधी वही ठेवावी. टोळी केव्हा आली आणि गाडी केव्हा आली, हे दोन आकडे तीत लिहावे. पैशाचे नंतर बोलू. बसून बोलू, भांडूही. पण आधी तो वेळ कागदावर येऊ द्या. आणि व्याख्यानमालेच्या चालकांना विनंती की, उद्यापासून साडेसात म्हणजे साडेसात करावे. मांडवात चारच माणसे असली तरी सुरू करावे. परवापासून चाळीस येतील.

 मला दिलेला वेळ संपला, आणि त्या दोघांना अजून सतरंज्या गुंडाळावयाच्या आहेत. शक्य असेल त्यांनी जाताना हात लावावा. मी लावणार आहे.