बालवीर पथक चालविताना
(पथकचालकांपुढे केलेले भाषण)



पथक काढणे सोपे, चालविणे कठीण. गणवेश, स्कार्फ आणि काठी एवढ्याने मुलगा बालवीर होत नाही. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर भरविले, तेव्हा मुलांच्या लहान टोळ्या पाडून प्रत्येकीचा कारभार एका मुलावरच सोपविला. आमचे चालक मात्र शिट्टी स्वतःच्याच तोंडी ठेवतात! सहा-आठ मुलांची टोळी नायकाच्या हाती द्यावी. चुकला तर चुकू द्यावे. मुक्कामी शिबिरास पालकांची लेखी संमती हवी. वर्गणीचा पै-पैचा हिशेब हवा.

आता अवघड गोष्ट. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून 1 नोव्हेंबरला सीमाभागात आम्ही काळा दिन पाळतो. त्या निषेध फेरीत गणवेशातील पथक नेण्याचा मोह होतो. आम्हांलाही झाला होता. तो आवरावा. राजकारणापासून अलिप्त राहणे हा स्काउट चळवळीचा नियमच आहे. मुले घरच्यांबरोबर साध्या कपड्यांत आली, तर गोष्ट वेगळी.

पथकाचे कामकाज मराठीतच चालावे, यात तडजोड नाही. पण शेजारचा कानडी मुलगा दारात येऊन उभा राहिला, तर त्याला टोळीत जागा द्यावी. आणि पहिली गाठ त्याला आपल्याच मुलाने शिकवावी.